पावागडाचा पहारा

बडोद्याहून सुमारे पन्नास किलोमीटरांवरील पावागड आम्ही विद्यार्थी चढत होतो. ते उभे कडे पाहून, असा दुर्ग शत्रूच्या हाती पडलाच कसा, याचे आम्हांस नवल वाटले. १४८४ साली महमूद बेगड्याने तो दीर्घ वेढ्यानंतर घेतला. १५३५ साली मात्र हुमायूनची माणसे रात्री खडकात लोखंडी मेखा ठोकून थेट कड्यावरूनच वर आली! ज्या कड्याचा भरवसा, त्यानेच घात केला. २००४ साली युनेस्कोने चांपानेर-पावागडास जागतिक वारशाचा मान दिला. तरीही जुन्या भिंतींवर कोरलेली नावे आम्हांस दिसलीच. या दुर्गाला आता शत्रूचे भय नाही. भय आहे ते आम्हां पाहुण्यांचेच. म्हणून यापुढील पहाराही आमचाच!