२,७०० फेरे

माझी सायकल बघितली की लोक साधारण एकाच क्रमाने प्रश्न विचारतात. "गिअर किती?" एक. "मग कॅरिअर, मडगार्ड कुठे गेलं?" काढलं. "बरं, पायडल मारायचं थांबवलं तर?" थांबवता येत नाही. इथे समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ऑफिसातला एक मित्र तर म्हणाला, "अरे, एवढा पगार घेतोस आणि गिअरची सायकल परवडत नाही?" परवडते हो. घरी एक आहेही, गॅलरीत, आईच्या तुळशीशेजारी उभी असते.

तर मंडळी, या प्रकाराला फिक्स्ड गिअर म्हणतात. साध्या सायकलच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. उतारावर पाय स्थिर ठेवले की जो कर्रर्र आवाज येतो, तो त्याचाच. आत छोट्या खिट्ट्या असतात. पायडल मारलं की त्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढतात, थांबवलं की दात्यांवरून घसरत राहतात. फिक्स्डमध्ये ही सोयच नसते. दातेरी कॉग थेट हबवर आवळलेला. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार आणि पायडलवर पाय आहेत तोवर पायही फिरणार. पायांनी उलटा जोर दिला की सायकल मंदावते.

ही हल्लीची परदेशी फॅशन आहे असा एक समज आहे. खरं तर सुरुवातीच्या सगळ्या सायकली अशाच होत्या. फ्रीव्हील सर्रास झालं ते विसावं शतक उजाडताना. टूर द फ्रान्समध्ये गिअर बदलायचं यंत्र वापरायला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोपर्यंत गडी घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे (दुसऱ्या बाजूला जास्त दात्यांचा कॉग असायचा) आणि पुन्हा स्वार व्हायचे. वेलोड्रोमवर तर आजही फिक्स्डच. जर्मनीत २०१९ साली आपल्या एसो, रोनाल्डो आणि रोजित या पोरांनी ज्युनियर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण जिंकलं, ते अशाच बिनब्रेकच्या, एका गिअरच्या सायकलींवर.

आता माझ्या सायकलबद्दल. बाबा डोंबिवली एमआयडीसीत नोकरीला होते. त्यांची २८ इंची काळी सायकल रिटायरमेंटनंतर जिन्याखाली धूळ खात उभी होती. ती फ्रेम मी घेतली. एक तर तिची मागची खाच आडवी आणि मागे उघडी असते. फिक्स्डला चेन ताणायला स्प्रिंगवाली भानगड चालत नाही, चाक मागे ओढूनच चेन ताणावी लागते, आणि ही खाच नेमकी त्याच कामाची. दुसरं म्हणजे साध्या सायकलची चेन १/८ इंच रुंद. ट्रॅकच्या सायकलचीही तीच! गिअरच्या सायकलींची चेन मात्र बारीक. म्हणजे नात्यानं बघितलं तर दूधवाल्याची सायकल वेलोड्रोमच्या सायकलला जास्त जवळची, गॅलरीतली माझी गिअरवाली जरा लांबची.

घराजवळचे सायकलवाले काका प्रथम ऐकायलाच तयार नव्हते. "लोक फ्रीव्हील खराब झालं की बदलून मागतात. तू चांगलं असलेलं काढायला सांगतोस?" मग मी कागदावर चित्र काढून दाखवलं. काकांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि नेमका प्रश्न विचारला. "पाय उलटे दाबलेस तर हे चक्र सुटून नाही का येणार?"

बरोबर! यातलं सगळ्यात महत्त्वाचं इंजिनिअरिंग तिथेच आहे. कॉग सुलट्या आट्यांवर बसतो, पुढे पायडल मारलं की आणखी आवळतो. पण पाय उलटे दाबले की सैल व्हायला बघतो. म्हणून खऱ्या ट्रॅक हबवर कॉगच्या बाहेर आणखी एक रिंग असते, उलट्या आट्यांची. कॉग सुटायला लागला की ती रिंग घट्ट होते. जुन्या फ्रीव्हीलच्या हबवरच कॉग चढवून भागवणारे आहेत, पण तिथे उलटे आटेच नसतात. ऐन थांबायच्या वेळी कॉग गरागरा सुटला तर काय होईल ते सांगायला नको. मी हब विकत घेतला. सगळ्या खर्चातला मोठा भाग तोच.

हब १२० मिलिमीटर रुंद, फ्रेममधली जागा ११०च्या आसपास. स्टीलची फ्रेम म्हणून काकांनी ती सावकाश फाकवली, दोरा लावून दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाही ते तीनदा बघितलं. जुन्या रिमपेक्षा नवी ७००सीची रिम किंचित लहान, त्यामुळे पुढच्या ब्रेकचे हात लांब लागले. चाकाचा आऊट काढायला काकांना अख्खी दुपार लागली. छर्रे नवे, ग्रीस नवं. सगळं मिळून साडेतेरा किलो झालं. कार्बनवाले हसतील, हसू देत. स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीनं स्वतः बनवलेल्या सायकलमध्ये वॉशिंग मशीनची बेअरिंग वापरली होती आणि १९९३ साली त्याच सायकलवर एका तासात ५१.५९६ किलोमीटर जाऊन जागतिक विक्रम केला होता.

बाबांनी बघितली तेव्हा एकच विचारलं, "कापली नाहीस ना रे कुठे?" नाही कापली. कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, चेनकव्हर सगळं गोणीत बांधून माळ्यावर ठेवलंय.

आता ही सायकल घेऊन करायचं काय, तर टाइम ट्रायल. म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत. एकेका मिनिटाच्या अंतराने सुटायचं, कोणाच्या मागे वारा चुकवत लपायचं नाही, ठरलेलं अंतर कमीत कमी वेळात कापायचं. या प्रकाराचा जन्म मोठा गमतीदार आहे. इंग्लंडमध्ये १८९०च्या दशकात रस्त्यावर घोळक्यानं होणाऱ्या शर्यतींवर लोक आणि पोलीस दोघंही वैतागले होते. मग १८९५ साली बिडलेक नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने नॉर्थ रोड क्लबनं एकेकट्याने सुटायची शर्यत भरवली. पुढे तीच पद्धत रुजली. पहाटे निघायचं, काळे कपडे घालायचे, रस्त्यांना सांकेतिक नावं द्यायची, म्हणजे कोणाला कळायलाच नको की इथे शर्यत चालू आहे!

आमचंही काही वेगळं नव्हतं. आम्ही सातजण, ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीचे. बहुतेक आयटीवाले, एक बँकेतले काका, एक दाताची डॉक्टर. महिन्यातला एक रविवार. पहाटे साडेचारला पत्री पूल, मग शहाडचा उड्डाणपूल, म्हारळ, वरप. वरप ओलांडलं की मुरबाड रस्त्यावर उजाडता उजाडता सुरुवात. आठ किलोमीटर जायचं, तिथे उतरून सायकल उचलून फिरवायची, आठ किलोमीटर परत. सोळा किलोमीटर, म्हणजे इंग्लंडमधले नेहमीचे दहा मैल.

यातली खरी मजा शनिवारी रात्री असते. गिअर एकच, तो आदल्या रात्री निवडायचा. माझं चेनव्हील ४८ दात्यांचं, मागे १७ चा कॉग. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.९३ मीटर पुढे जाते. १६ दात्यांचा लावला तर ६.३ मीटर, पण समोरून वारा आला की पाय भरून येतात. १८ चा लावला तर ५.६, वाऱ्यात बरं पडतं, पण परतीला पाय नुसतेच गरगर फिरतात. एकदा आवळलं की संपलं. सकाळी चेंज रिक्वेस्ट घेतली जात नाही.

सोळा किलोमीटर भागिले ५.९३ म्हणजे २,७०० फेरे. दर मिनिटाला ९० फेरे मारले की बरोबर तीस मिनिटं. मला तीसच्या आत यायचं होतं. बाकी काही नाही. आठवडाभर माझा वेळ माझा नसतो. ७:४२ ची लोकल, मग ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, मग क्लायंटची सोय बघून लावलेले कॉल. तिथे कुठलाही आकडा खरा नसतो. अंदाज फुगवलेले, तारखा ढकललेल्या, आणि प्रोजेक्टचा रंग सदैव हिरवा. इथे मात्र आकडा खोटं बोलत नाही. दोन हिवाळे घासून माझी सगळ्यात चांगली वेळ झाली तीस मिनिटं बावीस सेकंद. फेरे तेवढेच, २,७००. फक्त मिनिटाला नव्वदच्या जागी एकोणनव्वद. एका फेऱ्याचा प्रश्न होता!

मागच्या जानेवारीत तो सुटणार असं वाटत होतं. बाराव्या किलोमीटरला मी वेळेच्या पुढे होतो, वेग तेहतीसच्या आसपास. म्हणजे सेकंदाला नऊ मीटर. तेवढ्यात डावीकडच्या गावरस्त्यातून एक सायकल आली. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर बसलेले साठीचे आजोबा. रोज त्या वेळी रस्ता मोकळा असतो, तसे ते सरळ आले. मी पुढचा ब्रेक दाबला आणि पाय मागे रेटले. त्यांच्या कॅनपासून हातभर अंतरावर थांबलो.

ते चिडले नाहीत. माझ्याकडे, माझ्या सायकलकडे नीट बघितलं आणि विचारलं, "एवढी कसली घाई, बाबा? ड्यूटीला उशीर झाला का?"

मी "नाही, काका" एवढंच म्हणू शकलो. ते निघून गेले. त्यांची सायकलही २८ इंची, काळी.

फिक्स्डवाल्यांमध्ये एक कट्टर पंथ आहे. ब्रेक लावला की सायकलचा सोवळेपणा गेला असं मानणारा. वेलोड्रोमवर ब्रेक नसतो हे खरं, पण तिथे गल्लीतून कोणी येत नाही. नुसत्या पायांनी थांबायचं म्हणजे फक्त मागच्या चाकावर थांबायचं, आणि वजन पुढे झुकल्यावर मागच्या चाकाला पकडच उरत नाही. पुढच्या ब्रेकपेक्षा किमान दुप्पट अंतर लागतं. त्या दिवशी आमच्यामध्ये हातभर जागा होती, म्हणजे दुप्पट अंतराचा हिशोब कोणीही करावा.

शहाडला चहावर आमची चर्चा झाली. एक म्हणाला, आणखी तासभर आधी सुरू करू. दुसरा म्हणाला, प्रत्येक फाट्यावर शिट्टी घेऊन माणूस उभा करू. सातजणांत शर्यत कोण करणार आणि शिट्टी कोण फुंकणार? कोणीतरी बालेवाडीचं नाव काढलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलात वेलोड्रोम आहे. पण डोंबिवलीहून सायकली लादून पुण्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस गेला. मी सांगून बघितलं की ब्रेक होता, थांबलो, कोणाला काही झालं नाही, सिस्टीम चालली. तेव्हा बँकेतले काका शांतपणे म्हणाले, "अरे, ते रोज त्या रस्त्यावर असतात. आपण महिन्यातून एकदा. सांभाळायचं कोणी?"

याच्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्यानंतर आम्ही मुरबाड रस्ता सोडला आणि ठाण्याला येऊरचा चढ धरला. चढाची टाइम ट्रायल हाही जुना, मानाचा प्रकार आहे. चढावर मी ताशी पंधराच्या आसपास असतो, कोणी समोर आलं तरी दोन-तीन मीटरमध्ये सायकल उभी राहते. फिरायला येणारे आजी-आजोबा, बिबट्याच्या गोष्टी सांगणारे पाडेकरी, सगळ्यांना वाट देऊन जाता येतं. कॉग २२ चा. वर पोचलो की चाक काढून उलटं बसवायचं. दुसऱ्या बाजूला चक्क फ्रीव्हील लावलंय, आणि मागेही ब्रेक. टूरवाले चढाच्या आधी चाक फिरवायचे, आम्ही उताराच्या आधी.

तीस मिनिटांचा आकडा मात्र तिथेच राहिला. येऊरच्या वेळेची त्याच्याशी तुलना होत नाही, आणि कॅलेंडर बघून ३०:२२ आठवलं की अजूनही चुटपुट लागते. एक फेरा.. मिनिटाला फक्त एक! अर्धा-पाऊण सीझन मिळाला असता तर झालं असतं, याची मला खात्री आहे. पण त्या आजोबांच्या प्रश्नाला "हो, २२ सेकंद उशीर झालाय" असं उत्तर देता येत नाही, एवढं मला कळतं.

असो. पावसाळा संपला की आम्ही पुन्हा सुरू करतोय. कोणाला यायचं असेल तर जरूर या. सायकल कुठलीही चालेल, वजनाची चौकशी होणार नाही, वेळ कितीही लागली तरी चहा मिळेल. पुढचा ब्रेक तेवढा लागतो. तो मी स्वतः दाबून बघतो.