मिलिमीटरच्या आधीचं

प्रिय काओरू मितोमा यांस,



वरून टिपलेला तो फोटो जगभर फिरला. हिरवळ, पांढरी गोलरेषा आणि तिच्यावर जेमतेम झुकलेली चेंडूची कड. १ डिसेंबर २०२२, कतारचा विश्वचषक, समोर स्पेन. अख्खा चेंडू रेषेपार गेला तरच तो बाहेर, असा नियम. तुम्ही तो आत ओढलात, तुमचे सहकारी आओ तानाका यांनी गोल केला, जपान २-१ जिंकला आणि तिकडे जर्मनी स्पर्धेबाहेर गेली. 'मितोमाचा एक मिलिमीटर' हे शब्द जपानमध्ये गाजले.

मोबाइलवर लोक अजून त्या मिलिमीटरवर वाद घालतात. मला मात्र त्याच्या आधीची धाव पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते. तुमचे सहकारी दोआन यांचा चेंडू गोलसमोरून सरपटत निघाला होता, हातचा गेल्यातच जमा होता. तरी तुम्ही त्याच्यामागे अंग झोकून दिलंत. आणि गोलसमोर आओ तानाका होते. कावासाकीतल्या सागिनुमा क्लबात लहानपणी तुम्ही दोघंही खेळलात, हे त्या काही सेकंदांच्या चित्रफितीत कुठून दिसणार?

तुमची लोकप्रियता चित्रफितींच्या अशाच तुकड्यांवर उभी आहे, आणि ती रास्त आहे असं मी मनापासून म्हणतो. कारण ते तुकडे एकदा पाहून संपत नाहीत. जानेवारी २०२३, एफए कप, लिव्हरपूलविरुद्ध भरपाई वेळ. चेंडू हवेतच, तुम्ही फटक्याचा आव आणलात, त्यांचे बचावपटू जो गोमेझ भुलले, तुम्ही चेंडू पायावर आणखी एकदा झेललात आणि पायाच्या बाहेरच्या बाजूने गोलात धाडलात. पहिल्यांदा पाहताना डोळे चेंडूवर असतात. पुढच्या खेपेला ते गोमेझच्या शरीराकडे वळतात, आणि तिथेच तुमची खरी कारागिरी कळते.

समोरच्याच्या शरीरावरची तुमची ही नजर अभ्यासातून आली. कावासाकी फ्रोंताले क्लबचा व्यावसायिक करार समोर असताना तुम्ही तो नाकारून त्सुकुबा विद्यापीठात गेलात. ड्रिबलिंगवर प्रबंध लिहिलात, खेळाडूंच्या डोक्याला कॅमेरे बांधून ते नेमकं कुठे बघतात ते तपासलंत. चांगला खेळाडू चेंडूकडे बघत बसत नाही, मान वर ठेवतो. समोरच्याचा तोल एका पायावर गेला की दुसऱ्या बाजूने निसटायचं. अठराव्या वर्षी एवढा धीर धरणं मला त्या मिलिमीटरपेक्षा मोठं वाटतं. २०२० मध्ये फ्रोंतालेकडून पदार्पणाच्याच हंगामात तुम्ही लीगमध्ये १३ गोल केलेत. कोवळ्या पोरांना लवकर बाजारात उतरवण्याची घाई झालेल्या या खेळात तुमची विद्यापीठातली चार वर्षं मुलांच्या आईबापांनाही दाखवायला हवीत.

चेल्सीविरुद्ध २०२५ मध्ये गोलरक्षकाची लांब किक खांद्यावरून येताना तुम्ही एका पायाने मऊ उतरवून घेतलीत, तीही आता घराघरात पोचली आहे. पण कतारच्याच विश्वचषकातली क्रोएशियाविरुद्धची पेनल्टीही मी सोडून देत नाही. स्पेनवरच्या विजयाला चार दिवस झाले होते. क्रोएशियाचे गोलरक्षक लिवाकोविच यांनी ती अडवली, जपान बाहेर पडला आणि तुमच्या रडण्याची चित्रफीतही तितक्याच वेगाने फिरली. गोमेझना चकवलंत ते त्यानंतर दोन महिन्यांच्या आत.

तुमचा एक चाहता