घरातला रोबो आणि घामाचा पैसा

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या आयरोबोट या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनीचं नाव ओळखीचं नसलं तरी तिचं यंत्र बहुतेकांनी मोबाइलवर कधी ना कधी पाहिलेलं असतं. थाळीसारखं गोल, जमिनीवर सरकत जाणारं, पलंगाखाली शिरून केर ओढणारं. त्याचं नाव रूम्बा. २००२ मध्ये तो बाजारात आला आणि घरकाम करणारा रोबो ही गोष्ट पहिल्यांदाच साध्या गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तिने जगभरात ५ कोटींहून जास्त रोबो विकले. इतका माल खपवूनही शेवटी तिच्या साध्या भागधारकांच्या हाती काय पडलं? शून्य.

ही बातमी मी एरवी वाचून सोडून दिली असती. पण त्याच सुमारास आमच्या घरात एक कागद फिरत होता. माझे दुल्हेभाई २६ वर्षं दुबईत नोकरी करून चिपळूणला कायमचे परतले. नोकरी संपताना मिळालेली रक्कम आणि बचत धरून हाती १४ लाख रुपये होते. एका कंपनीचा माणूस त्यांच्याकडे येऊन गेला. घरगुती रोबोंची एजन्सी घ्या, रक्कम आमच्याकडे ठेवा, दरमहा अडीच टक्के नफा खात्यावर जमा होईल, आणि हा नफा व्यापाराचा असल्यामुळे शंभर टक्के हलाल, असं त्या कागदावर छापलेलं होतं. आपाने फोन करून विचारलं, "तू हिशेब समजतोस, सांग, द्यावेत का?"

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, आखाती देशांत घाम गाळून आणलेल्या पैशाच्या मागे असे कागद बरेच फिरतात. पूर्वी ते प्लॉटचे असत, मग सोन्याचे आले, आता रोबोचे आले आहेत. म्हणून आपाला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी आयरोबोट का बुडाली ते पाहू. १९९० मध्ये एमआयटीतल्या तिघांनी ही कंपनी काढली. २००५ मध्ये २४ डॉलरला तिचा शेअर बाजारात आला आणि २०२१ मध्ये तो शंभर डॉलरच्या वर जाऊन आला. पण तोवर चिनी कंपन्या मैदानात उतरल्या होत्या. रोबोरॉक २०१४ मध्ये सुरू झाली. तिने आधी शाओमीसाठी यंत्रं बनवली, मग स्वतःच्या नावाने. लेझरने खोली मोजून नकाशा काढणारे रोबो या कंपन्या वर्षानुवर्षं विकत होत्या. आयरोबोट मात्र कॅमेऱ्यावरच अडून राहिली. लेझरवाली तिची पहिली मॉडेल्स २०२५ मध्ये आली.

ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनने तिला सुमारे १७० कोटी डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं. युरोपच्या नियामकांनी हरकत घेतली. हा सौदा होईपर्यंत तग धरायला कंपनीने २०२३ मध्ये २० कोटी डॉलरचं कर्ज उचललं. जानेवारी २०२४ मध्ये सौदा फिसकटला, कर्ज आणि त्याचं व्याज मात्र गळ्यात राहिलं. पुढे तिचे रोबो बनवून देणाऱ्या पिशिया या चिनी कंपनीने ते कर्ज सावकाराकडून विकत घेतलं आणि त्याच्याच जोरावर अख्खी कंपनी ताब्यात घेण्याची योजना आखली. त्या योजनेत जुने शेअर रद्द झाले. कर्ज देणारा मालक झाला, भागीदार रस्त्यावर आले. व्याजाबद्दल आपल्याकडे जुम्म्याच्या बयानात जे ऐकतो, त्याचं इतकं उघडं उदाहरण शेअर बाजारात क्वचित दिसतं.

ही एकट्या आयरोबोटची गोष्ट नाही. जिबो नावाचा घरात बोलणारा, मान वळवून पाहणारा रोबो २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून जाहीर झाला. तो घरोघरी पोचायला २०१७ उजाडलं, किंमत ८९९ डॉलर. २०१८ मध्ये कंपनी गुंडाळली गेली. त्याचा मेंदू कंपनीच्या सर्व्हरवर होता. २०१९ मध्ये तो रोबो स्वतःच आपल्या मालकांना सांगू लागला की सर्व्हर बंद होणार आहेत, आता निरोप घेतो. त्याच वर्षी खेळण्यातले हुशार रोबो बनवणारी अँकी ही कंपनी जवळपास २० कोटी डॉलरचं भांडवल संपवून बंद पडली.

यातून एक गोष्ट लक्षात येते. मिक्सरची कंपनी बुडाली तरी मिक्सर फिरत राहतो. घरातल्या रोबोचं तसं नाही. त्याचं ॲप, त्याचे नकाशे, त्याचा आवाज कंपनीच्या सर्व्हरवर टांगलेला असतो. कंपनी गेली की बऱ्याचदा यंत्र मुकं होतं. चिपळूणसारख्या गावात गिऱ्हाईक तेव्हा बोस्टनला किंवा शेनझेनला फोन लावत नाही. ते एजंटच्या दारात येतं. ते बहुधा त्याच मोहल्ल्यातलं असतं, त्याच मशिदीत शेजारच्या सफमध्ये उभं राहणारं.

मग या धंद्यात संधी नाहीच का? आहे, पण यंत्र विकण्यापेक्षा ती त्याच्या मागून येणाऱ्या कामात जास्त आहे. जपानचं उदाहरण घ्या. सोनीने १९९९ मध्ये आयबो हा रोबो कुत्रा अडीच लाख येनला काढला. जपानमधले पहिले ३,००० नग २० मिनिटांत संपले. २००६ मध्ये सोनीने उत्पादन थांबवलं आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. पण लोकांचा त्या कुत्र्यांत जीव अडकला होता. तेव्हा ए-फन नावाच्या छोट्या कंपनीत सोनीचेच काही जुने इंजिनिअर दुरुस्तीला बसले. नवे सुटे भाग मिळत नव्हते, म्हणून मेलेल्या आयबोचे भाग काढून जिवंताला लावायचे. भाग काढण्याआधी त्या कुत्र्यांसाठी एका मंदिरात रीतसर प्रार्थना होत असे. ज्या यंत्रावर सोनीने पाणी सोडलं, त्यावर दुरुस्ती करणाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षं रोजी कमावली.

आपल्या घरांत हे यंत्र आणून पाहा म्हणजे काम कुठे निघतं ते कळेल. कोकणातल्या जुन्या घराचा उंबरठा त्याला ओलांडता येत नाही, दोन सेंटिमीटरच्या वर ते साधारण अडतंच. काळ्या फरशीला ते खड्डा समजून मागे फिरतं. जानमाजची झालर ओढून अडकतं. लांब केस ब्रशच्या दांड्याला गुंडाळून मोटर दमते. फिल्टर धुळीने भरतो, बॅटरी काही वर्षांत उतरते. ब्रश, फिल्टर, चाक, बॅटरी, चार्जिंगची पट्टी हे सगळं बदलायला कुणीतरी लागतं. तरी एक मर्यादा ओळखली पाहिजे. या यंत्राची किंमत पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या वर जाते. आपल्याकडे घरकामाला येणारी बाई केराबरोबर भांडीही घासते, आणि तिचा महिन्याचा पगार या किमतीच्या कितीतरी खाली असतो. म्हणून हा बाजार आधी मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये वाढेल, गावात सावकाश.

आपलेच लोक रोबो बनवत नाहीत असंही नाही. मुलांशी बोलणारा, गोष्टी सांगणारा मिको हा रोबो मुंबईतला. आयआयटी मुंबईतून शिकलेल्या तरुणांनी २०१५ मध्ये ती कंपनी काढली. तिथेही यंत्राच्या किमतीबरोबर गोष्टी-खेळांची वर्गणी हा कमाईचा एक भाग आहे. म्हणजे बनवणाऱ्यालाही विक्रीच्या पुढे पाहावं लागतं.

आता त्या कागदावरच्या 'हलाल' शब्दाकडे येतो. १४ लाखांवर अडीच टक्के म्हणजे महिन्याला ३५ हजार. समजा एका रोबोमागे खर्च वजा जाता दोन हजार सुटले, तर केवळ दुल्हेभाईंचा वाटा द्यायला दर महिन्याला १८ रोबो खपले पाहिजेत. असे शंभर दुल्हेभाई असतील तर १,८०० च्या आसपास. एवढे रोबो घेणार कोण? आणि खपले नाहीत तरी ३५ हजार येणारच असतील, तर ते कुठून येणार? पुढच्या माणसाच्या ठेवीतून. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कोसळली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांनी हेच भोगलं. तिथेही शब्द हलालचाच होता.

शरियतमधल्या भागीदारीचा नियम याच्या उलट आहे. मुदारबामध्ये एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत. नफ्याचं प्रमाण आधी ठरतं, रक्कम ठरवता येत नाही. हलगर्जी नसताना तोटा आला तर पैसेवाल्याचे पैसे जातात, मेहनतवाल्याची मेहनत वाया जाते. मुशारकामध्ये दोघांचंही भांडवल असतं आणि तोटा ज्याच्या त्याच्या भांडवलाच्या प्रमाणात वाटला जातो. ठरलेल्या नफ्याची हमी जिथे सुरू होते, तिथे व्यापार संपतो. मुल्ला-मौलवींना विचारण्याआधी हे एवढं आपण स्वतः कागदावर वाचू शकतो.

आपल्या सभांमधून अल-जझरीचं नाव मोठ्या अभिमानाने घेतलं जातं. दियारबकिरच्या दरबारातल्या या कारागिराचा यंत्रांवरचा ग्रंथ १२०६ सालचा. वजूसाठी हातावर पाणी घालणारं यंत्र त्याने सुलतानासाठी बनवलं, कारण नोकराने पाणी घातलेलं सुलतानाला आवडत नव्हतं. त्याच्या हत्तीच्या घड्याळाची प्रतिकृती दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये आहे, दुल्हेभाईंनी ती अनेकदा पाहिली आहे. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. जझरीने प्रत्येक भागाचं माप, धातू आणि जोडणी लिहून ठेवली. म्हणून आठशे वर्षांनीही कारागीर ती यंत्रं पुन्हा उभी करू शकले. आजच्या कंपन्या स्क्रूसुद्धा असे लावतात की बाहेरच्याने उघडू नये. आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, पण माहितीपत्रकं आणि सुटे भाग हाती आल्याशिवाय त्या हक्काला अर्थ नाही.

दुल्हेभाईंनी तो कागद परत केला. भाच्याचं मोबाइल आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. जुलै २०२१ च्या पुरात भिजलेली सर्किटं सुकवून त्याने निम्म्या बाजाराची यंत्रं चालू करून दिली होती. १४ लाखांपैकी दोन लाख दुल्हेभाईंनी त्याच्या दुकानात मुदारबाने घातले, लिहून, दोन साक्षीदारांसमोर. बापलेकांत लिखापढी कसली, म्हणून आपा रुसली होती. "मामू, तोटा आला तर अब्बांचे पैसे जातील," भाचा मला म्हणाला. त्याला ही भीती वाटते, हेच मला त्या कागदापेक्षा विश्वासाचं वाटलं. आज त्याच्याकडे केर काढणारे रोबो महिन्याला तीन-चार येतात. बाकी पोट मोबाइलवरच चालतं. हे दोन लाख वाढतील की नाही ते अजून ठरायचं आहे.

तुमच्या दारात असा कागद आला तर चार प्रश्न विचारा. कंपनी बंद पडली तर हे यंत्र चालेल का? सुटे भाग कुणाकडे मिळतील? कंपनीवर कर्ज किती आणि कुणाचं? आणि तोटा आला तर तो कोण सोसणार? चौथ्या प्रश्नाला 'तोटा येणारच नाही' असं उत्तर मिळालं, तर चहा पाजा, सलाम करा आणि पैसे खिशातच ठेवा.