ओल्या फरशीवरचं डावं पाऊल

"मामा, थांब! फरशी पुसू नकोस!" मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की मामी स्वयंपाकघरातून धावत आली.

पनवेलला मामाचं घर जुनं, शहाबादी फरशीचं. मामा आंघोळ करून न्हाणीघरातून ओटीवर गेला आणि मागे त्याची ओली पावलं उमटली. उजवं आपल्या सगळ्यांसारखं: गोल टाच, मध्ये कंबर, पुढे चवडा, पाच ठिपके. डावं मात्र भलतंच! टाच जेमतेम टेकलेली, बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत एक जाड ओला पट्टा, अंगठा गायब.

गणपतीआधी परसातलं गवत काढायला मामा दोन दिवस उकिडवा बसला होता. उठला तो लुळा पंजा घेऊनच. फूट ड्रॉप. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला हाडाची गोटी लागते ना, तिच्याजवळून एक शीर अगदी कातडीलगत जाते. चाचपून बघा, मी दिवसभर तेच करतेय! ती दबली की पंजा वर उचलणारे स्नायू संपावर जातात आणि पाऊल बाहेर वळवणारेही. मग पाय अडखळू नये म्हणून मामा जिना चढल्यासारखा गुडघा उचलतो आणि टाचेऐवजी चवडा आपटतो. फट्! पाऊल आत वळलेलं, म्हणून सगळा भार बाहेरच्या कडेवर. तीन महिने तो 'फट्' ऐकत होते, पण तो फरशीवर लिहिलेला असतो हे आज कळलं.

मग वाचत सुटले. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. त्या रस्त्याने कितीदा गेलेय! कुष्ठरोगात हीच शीर याच जागी बिघडू शकते. घोट्याच्या आतल्या बाजूची दुसरी शीरही गेली तर तळवा बधिर होतो. मग तीच कड पावलोपावली रगडली जाते, दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि तिथेच जखम होते.

आता खरी गंमत. ती दुसरी शीर घोट्यापाशी बिघडते, पण पोटरीतल्या एका खोल स्नायूला तिची फांदी घोट्याच्या बऱ्याच वर मिळालेली असते. तळवा बधिर, स्नायू ठणठणीत! आणि काम काय त्याचं? पाऊल आत ओढणं, म्हणजे या वाकड्या ठशातला भागीदारच तो. सर्जन त्याचा कंडरा सोडवून पुढे आणतात, पावलाच्या वरच्या बाजूला जोडतात, आणि आत ओढणारा स्नायू पंजा उचलायला लागतो. १९४६ साली वेल्लोरला आलेले पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी कुष्ठरुग्णांवर ही शस्त्रक्रिया करत. वाचताना मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मामाला याची गरज नाही. शीर नुसती दबलीय, सुधारतेय. तूर्त पंजा धरून ठेवणारा पट्टा आहे.

मी त्याची डावी चप्पल उलटी केली. बाहेरचा काठ पुढून पार झिजलेला.

"अगं," मामा म्हणाला, "आणि मी त्या मोच्याला शिव्या घालत होतो!"