पोह्यातलं लोह

पंधरा वर्षं मी बायकांना एक चुकीचा आकडा सांगत होते. अळिवात शंभर ग्रॅमला 100 मिलिग्रॅम लोह. आकडा माझ्या मनचा नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात तो छापलेला होता आणि आमच्या पिढीच्या आहारतज्ज्ञांनी ते पुस्तक पोथीसारखं मानलं. 2017 मध्ये त्याच संस्थेची नवी कोष्टकं आली. मी आधी अळीव काढून पाहिलं: 17. मग पोहे. जुन्यात 20, नव्यात साडेचारच्या आसपास.

दाण्याला चिकटलेली माती, कांडताना लागलेलं लोखंड मोजणीत शिरलं की असे आकडे फुगतात. शिवाय मोजायची यंत्रंही सुधारली आहेत. मला मात्र आठवत होत्या त्या बाळंतिणी, ज्यांना मी 'रोज एक अळिवाचा लाडू, बस्स' असं सांगून घरी पाठवलं होतं. एका लाडवात अळीव जेमतेम पाच ग्रॅम. म्हणजे लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. बाईची दिवसाची गरज 29.

लाडू वाईट नाही हो. नारळपाण्यात भिजून टपोरलेलं अळीव, ओला नारळ, गूळ, वर जायफळ. मी स्वतः थंडीभर खाते. फक्त त्याच्याकडून औषधाचं काम मागू नये.

'सुपरफूड' या शब्दाला आमच्या शास्त्रात व्याख्या नाही. तो बाजाराचा शब्द आहे आणि तो येतो चमचाभर मापात. गेल्या पावसाळ्यात एक शिक्षिका आल्या. हिमोग्लोबिन 9.2. टेबलावर त्यांनी पिशवीच रिकामी केली: चिया, किनोआ, मोरिंगा पावडर. "मॅडम, एवढं महागाचं खाते, मग चढत का नाही?" मोरिंगा म्हणजे आपला शेवगा. त्यांच्या सोसायटीच्या आवारात त्याचं झाड होतं. शेंगा आमटीत, पाला कचऱ्यात. चमचाभर पूड दोन-तीन ग्रॅम भरते. तोच पाला मूगडाळ, लसूण, ओलं खोबरं घालून केला, तर माणूस सहज वाटीभर खातो. कोकणात गोकुळाष्टमीला ही भाजी ठरलेली असते.

त्यांना मी तीन दिवसांची नोंदवही लिहायला लावली. वहीत माणसं चिया हमखास लिहितात, चहा विसरतात. म्हणून मी वेगळा रकाना आखून देते. त्यात सापडलं: सकाळी 7.30 ला पोहे आणि चहा. दुपारी शाळेत डबा आणि चहा. संध्याकाळी मेथीचा पराठा आणि चहा.

धान्य-भाज्यांतलं लोह मुळात अवघड जागचं. बराचसा भाग शरीरात न जिरताच बाहेर जातो. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला आत घ्यायला मदत करतं, चहातली टॅनिनं त्याला धरून ठेवतात. आपले कांदेपोहे बघा. वर लिंबू पिळतो, कोथिंबीर भुरभुरतो. चवीसाठीच, पण काम चोख होतं. आणि बशी रिकामी व्हायच्या आत चहाचा कप पुढे करून सगळ्यावर पाणी फिरवतो.

नाचणीचं दुखणं वेगळं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि नाचणीची बिस्किटं, नाचणीचे पिझ्झे निघाले. बिस्किटात मैदा किती, साखर किती, हे पाकिटामागे बारीक अक्षरात असतं. साधी भाकरी घ्या. पन्नास ग्रॅम पिठात सुमारे 180 मिलिग्रॅम कॅल्शियम. तेवढ्याच तांदळात चारही नाही. पण हे कॅल्शियम बरंचसं दाण्याच्या सालीत असतं. बाळासाठी आपण नाचणी भिजवतो, फडक्यात बांधून मोड आणतो, सावलीत वाळवतो, दळतो आणि वस्त्रगाळ करतो. मोड आणल्याने खनिजं अडवणारं फायटेट कमी होतं, हे उत्तम. गाळताना मात्र जो भुसा फडक्यावर उरतो, त्यात कॅल्शियमही जातं. सहा-सात महिन्यांच्या पोटाला ते सत्त्वच बरं. मोठ्यांनी आपलं पीठ गाळू नये. भाकरी थोडी खरखरीत लागली तर लागू दे.

आणि चटण्या! जवसाची, तिळाची, कारळ्याची. आम्ही त्यांना तोंडीलावणं म्हणून पानाच्या डाव्या कोपऱ्यात बसवलं. पण या चटणीला मोठा गुण आहे: ती रोज पोटात जाते. बरणी एकदा भरली की पंधरा दिवस कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. जवस मात्र भाजून कुटलेलंच हवं, अख्खं गिळलं तर जसंच्या तसं बाहेर पडतं. माझ्या पेशंटमध्ये जे टिकलं ते असंच, आधीपासून ताटात असलेलं. किनोआ तिसऱ्या आठवड्यात फडताळाच्या मागच्या रांगेत जातो.

शिक्षिकाबाईंना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या सोडू नका, हे मी पहिल्यांदा सांगितलं. मग पोह्यांत मूठभर मोड आलेली मटकी, वर लिंबू, भाजी लोखंडी कढईत, डब्यात कारळ्याची चटणी. चहा खाण्यापासून तासभर लांब. यावर त्यांचा चेहरा पडला. चियाबद्दल मी काहीच बोलले नाही.

तीन महिन्यांनी आल्या तेव्हा हिमोग्लोबिन 11 होतं. त्यातला गोळ्यांचा वाटा मोठा, हे त्यांनाही ठाऊक होतं. "दुपारचा सुटला, संध्याकाळचाही सुटला," त्या म्हणाल्या. "सकाळचा नाही सुटत, मॅडम. म्हणून आता साडेसहालाच उठते, आधी चहा घेते आणि मग पोहे भिजवते."