तपासणीच्या रांगेतून सूट कुणाला?

कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यात असे घर क्वचितच सापडेल, ज्यातले कोणी मुंबईहून समुद्रापार गेलेले नाही. कुणी कुवेत-दुबईला रोजीरोटीसाठी, कुणी हज-उमऱ्यासाठी. आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबई म्हणजे बंदर होते. हाजींची बोट १९९५ पर्यंत मुंबईहून जिद्द्याला जात असे. आता मुंबई म्हणजे विमानतळ. २०१४ साली सुरू झालेल्या टर्मिनल २ च्या मोरपिसाच्या नक्षीच्या छताखाली उभे राहिले की गावाकडची म्हातारी माणसे आधी वर बघतात आणि मग हातातला पासपोर्ट घट्ट धरतात.

उमऱ्याला निघालेले आम्ही चिपळूणकडचे सात जण होतो. त्यात तीन म्हातारी माणसे पहिल्यांदाच विमानात बसणार होती. दारावर तिकीट आणि पासपोर्ट पाहिला गेला, मोठ्या बॅगा काउंटरवर दिल्या, इमिग्रेशनचा शिक्का झाला आणि आम्ही सुरक्षा तपासणीच्या रांगेत आलो. मोबाईल, पॉवर बँक, घड्याळ, पाकीट, सारे ट्रेमध्ये. आमच्यातल्या पुरुषांनी इहराम बांधला होता. दोन न शिवलेल्या चादरी आणि कमरेला पैसे-पासपोर्टचा पट्टा. तो पट्टाही काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितले, तेव्हा एका हाताने तहमद सावरत आणि दुसऱ्या हाताने ट्रे ढकलत सगळे पुढे सरकत होते. गटात एक निवृत्त सरकारी अधिकारी होते. ते हसत म्हणाले, "आयुष्यभर लोकांचे कागद तपासले, आज आमची पाळी."

अम्मींच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झालेले. धातूच्या चौकटीतून जाताच ती वाजली. अम्मी घाबरल्या. पण महिला जवानाने त्यांना पडद्याआड नेले, "अम्माजी, बैठिए" म्हणून स्टुलावर बसवले आणि हातातले यंत्र फिरवून दोन मिनिटांत सोडले. भारतातल्या विमानतळांवर स्त्रियांची अंगझडती पडद्याआड आणि महिला जवानच घेते. बुरखा, साडी, पंजाबी ड्रेस, सगळ्यांना तोच पडदा.

पलीकडे बाकावर बसून सामान पुन्हा भरताना त्या निवृत्त साहेबांनी विचारले, "मास्तर, मंत्र्यासंत्र्यांनाही असेच हात वर करावे लागतात का हो?"

प्रश्न साधा होता, उत्तर लांबलचक आहे. विमान सुटायला वेळ होता, म्हणून तिथेच बोलणे निघाले.

आपल्या देशात कुणाला या तपासणीतून सूट द्यायची, त्याची यादी नागरी विमान सुरक्षा ब्युरो हे केंद्र सरकारचे खाते ठरवते. पूर्वी ती विमानतळांवर फलकावर लावलेली असे. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, माजी राष्ट्रपती, भारताचे सरन्यायाधीश, लोकसभेचे अध्यक्ष, राज्यपाल, मुख्यमंत्री, केंद्रातले कॅबिनेट मंत्री, दोन्ही सभागृहांतले विरोधी पक्षनेते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, मुख्य निवडणूक आयुक्त, परदेशांचे राजदूत असे हे गट. दलाई लामांचाही त्यात समावेश आहे. सामान्य खासदार मात्र या यादीत नाही. नट, क्रिकेटपटू, उद्योगपतीही नाहीत. विमान चालवणारा वैमानिक आणि हवाई सुंदरीदेखील रोज ड्यूटीवर जाताना तपासणीतूनच जातात.

म्हणजे ही सूट माणसाला नसून बहुतेक वेळा खुर्चीला आहे. जिथे खुर्चीऐवजी नाव लिहिले गेले, तिथे वाद झाला. रॉबर्ट वड्रा यांचे नाव, विशेष सुरक्षा असलेल्या कुटुंबीयांबरोबर प्रवास करत असताना, म्हणून या यादीत बरीच वर्षे होते. लोक फलक वाचून विचारत, यांचे पद कोणते? अखेर २०१५ मध्ये ते नाव काढले गेले.

खुर्च्यांमध्येही चढाओढ असते. २००० साली जयपूरच्या विमानतळावर सुरक्षेत एक चूक झाली. राजस्थान उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन खटला चालवला आणि २००५ च्या निकालात उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांनाही तपासणीतून सूट द्यावी असे सांगितले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सुरक्षा हा मानाचा किंवा दर्जाचा विषय नाही, कुणाला सूट द्यायची हे सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांनी ठरवावे, असा त्या निकालाचा आशय आहे. न्यायाधीशांनीच न्यायाधीशांना रांगेत उभे केले, ही गोष्ट आमच्या साहेबांना फार आवडली.

मग अब्दुल कलाम साहेबांचा विषय निघणारच होता. माजी राष्ट्रपती म्हणून ते सूट असलेल्यांच्या यादीत होते. तरी एप्रिल २००९ मध्ये दिल्लीत एका अमेरिकी विमान कंपनीच्या लोकांनी त्यांची झडती घेतली, बूटसुद्धा काढायला लावले. कलाम साहेबांनी तक्रार केली नाही. ती गोष्ट बाहेर आली जुलैमध्ये. संसदेत गदारोळ झाला आणि कंपनीने माफी मागितली. २०११ मध्ये न्यूयॉर्कला ते विमानात जाऊन बसल्यावर त्यांचे जाकीट आणि बूट पुन्हा तपासायला नेले. भारताने निषेध नोंदवला आणि अमेरिकेने दिलगिरी व्यक्त केली.

याच काळात, ऑगस्ट २००९ मध्ये, शाहरुख खान यांना अमेरिकेतल्या न्यूअर्क विमानतळावर चौकशीसाठी थांबवून ठेवले होते. आडनावामुळेच आपल्याला थांबवले, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या गटातला एक तरुण, दुबईत नोकरी करणारा, हे ऐकून म्हणाला, "सर, ज्याला सूट आहे त्याचा हिशेब तुम्ही सांगितलात. ज्याला सगळ्यांपेक्षा जास्त थांबवतात त्याचा हिशेब कोण ठेवतो?" त्याच्याकडे सांगण्यासारखे अनुभव होते. कुठे, कुणी, हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. सगळे थोडा वेळ गप्प होतो.

आम्हाला वाटते, आपल्या घरांत या विषयावर बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. तपासणी होणे हा अपमान नाही. विमानात बसणाऱ्या प्रत्येकाच्या जिवासाठी ती आहे आणि त्यात आपली अम्मीही आली. अपमान होतो तो नियम सोडून, नाव किंवा पेहराव पाहून वेगळे वागवले तर. तसे झाले तर आवाज न चढवता वेळ, ठिकाण आणि काय घडले हे लिहून ठेवावे आणि लेखी तक्रार करावी. पण रांगेत आपला नंबर आला म्हणून मनात कढ आणू नये. आपण सूट मागत नाही. शेजारच्या प्रवाशाला जे माप, तेच आपल्याला, इतकेच मागतो. शीख बांधवांना देशांतर्गत विमानात सहा इंचांपर्यंतच्या पात्याची कृपाण ठेवता येते. नियम माणसाच्या श्रद्धेची कदर करू शकतो, पण ती कदर मोजमापासह कागदावर लिहिलेली आहे.

उमऱ्याला जाणाऱ्या वाचकांसाठी दोन-चार गोष्टी. गुडघ्यात वा कमरेत धातू असेल तर चौकटीत शिरण्याआधीच सांगावे, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी. अत्तराची बाटली हातातल्या पिशवीत ठेवायची तर १०० मिलिलिटरच्या आतली असावी. सुरी, कात्री मोठ्या बॅगेत घालावी, पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी. परतताना झमझमचा पाच लिटरचा डबा हातातल्या सामानात चालत नाही, त्याचे नियम विमान कंपनीला आधीच विचारावेत. आणि म्हाताऱ्यांना घरीच समजावून आणावे की पडद्याआड काय होते, म्हणजे चौकट वाजली तरी त्यांचा जीव घाबरणार नाही.