गांवचें पत्र कोणाचें?

परगांवीं गेलें कीं तेथील वर्तमानपत्र विकत घ्यावें, ही आमची जुनी खोड आहे. देवळें आणि किल्ले पाहावयास सवड न मिळाली तरी चालतें. पण कोणाची गाय हरवली, कोणत्या शाळेचें छप्पर गळतें आणि गेल्या आठवड्यांत कोण वारलें हें समजल्यावांचून त्या गांवीं आपण आलों असें आम्हांस वाटत नाहीं. आमची कन्या व जामात नोकरीनिमित्त आयर्लंडांत कॉर्क शहरीं राहतात. त्यांजकडे चार महिने राहण्याचा योग आला, तेव्हां या खोडीस मोकळें रान मिळालें.

शेजारीं एक वृद्ध बाई राहत. त्या मूळच्या पश्चिमेकडील स्किबरीन गांवच्या. गांव सोडून चाळीस वर्षें झालीं तरी तेथील ‘सदर्न स्टार’ हें साप्ताहिक त्यांजकडे नियमानें येई, आणि पहिलें पान न पाहतां त्या आधीं मृत्युवार्तांचें पान उघडीत. वाचून झालेला अंक आमच्याकडे येई. त्या अंकांपायीं आम्ही एके दिवशीं बसनें स्किबरीन पाहूनही आलों.

एवढेंसें गांव, पण पत्रांच्या जगांत त्याचें नांव मोठें. तेथें १८५७ सालीं ‘स्किबरीन ईगल’ नांवाचें पत्र निघालें. रशियाच्या बादशहावर आमची नजर आहे, अशी ताकीद या पत्रानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिली, ही गोष्ट इंग्रजी जाणणाऱ्या सर्व जगानें हसत हसत सांगितली आहे. आम्हीही पूर्वीं हसलों होतों. आतां मात्र वाटतें कीं, आपल्या गांवांतून जग पाहण्याचा अधिकार त्या संपादकास होता, आणि त्यानें तो बजावला. हें पत्र युनियनवाद्यांकडे झुकणारें. उलट १८८९ सालीं निघालेलें ‘सदर्न स्टार’ राष्ट्रीय पक्षाचें. पुढें शिन फेनच्या मंडळींनीं त्याचे भाग घेतले. भागधारकांत मायकेल कॉलिन्स होते. सरकारनें तें पत्र वरचेवर बंद पाडलें. अखेर १९२९ सालीं ‘स्टार’नें ‘ईगल’लाच विकत घेतलें.

असलीं पत्रें आयर्लंडभर निघालीं, त्यास एक साधें कारण होतें. जाहिरातींवरील कर १८५३ सालीं, वर्तमानपत्रांवरील मुद्रांक १८५५ सालीं व कागदावरील कर १८६१ सालीं उठला. मग छापखाना असलेला कोणताही चळवळ्या माणूस पत्र काढूं लागला. मालक, संपादक व मुद्रक बहुधा एकच. ट्रालीचे हॅरिंग्टन बंधु पाहा. त्यांनीं १८७८ सालीं ‘केरी सेंटिनेल’ काढलें. १८८३ सालीं त्यांच्या छापखान्यावर जप्ती आली व एडवर्ड हॅरिंग्टन तुरुंगांत गेले. त्याच्या आदल्याच वर्षीं आपले टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून आले होते. हा नुसता योगायोग नव्हे. लॉर्ड लिटननें १८७८ सालीं देशी भाषांतील पत्रांच्या मुसक्या बांधणारा जो कायदा केला, तो आयर्लंडासाठीं १८७० सालीं झालेल्या कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता. दोरी एकाच कारखान्यांत वळलेली होती.

त्याच ट्रालींत १९०४ सालीं मॉरिस ग्रिफिन व नोलन बंधूंनीं ‘केरीमन’ काढलें. १९२१ सालीं सरकारी शिपायांनीं त्याचीं यंत्रें उडवून दिलीं, आणि दोन वर्षें अंक निघाला नाहीं. दोन वर्षांनीं निघाला, कारण मालक गांवांतच होते. बेल्जममधील मालकानें एवढी वाट पाहिली असती काय? हा प्रश्न काल्पनिक नाहीं. १९७० च्या दशकांत हें पत्र डब्लिनच्या इंडिपेंडंट कंपनीकडे गेलें, आणि ती सारी कंपनी २०१९ सालीं मीडियाहाउस या बेल्जियन मंडळीनें १४ कोटी ५६ लाख युरोस घेतली.

त्यापूर्वींचा एक व्यवहार तर शेअरबाजाराच्या शाळेंत शिकवावा असा आहे. १८८० पासून नास गांवीं निघणाऱ्या ‘लीन्स्टर लीडर’ची कंपनी जॉन्स्टन प्रेस या स्कॉटिश मंडळीनें २००५ सालीं सुमारें १३ कोटी ८० लाख युरो मोजून घेतली. तेव्हां घरांच्या जाहिरातींचा पूर होता. २००८ सालीं पूर ओसरला, कर्ज तेवढें उरलें. जाहिराती महाजालावर गेल्या त्या परतल्या नाहींत. पुढें २०१४ सालीं त्या मंडळीनें आयर्लंडांतील आपलीं १४ पत्रें मिळून सुमारें ८५ लाख युरोस विकलीं. एकेका पत्रास मुंबईंतील बऱ्याशा सदनिकेची किंमत आली.

गांवचा मालक देवमाणूस होता, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मेहुण्याचा खटला तो छापीत नसे, आणि मोठ्या दुकानदाराच्या वजनमापांविषयीं त्याची लेखणी मुकी असे. पण रविवारीं प्रार्थनामंदिराच्या दाराशीं त्यास लोकांना तोंड दाखवावें लागे. परदेशांतील संचालकमंडळास तें दार ठाऊक नाहीं.

हें सर्व आम्ही तटस्थपणें लिहीत नाहीं. आमच्या वडिलांनीं तालुक्याच्या गांवीं सव्वीस वर्षें एक चार पानी साप्ताहिक चालविलें. घरांत ट्रेडल, ओट्यावर दोन जुळारी, आणि अंकाच्या रात्रीं सर्वांच्या हातांस शाई. त्यांच्यामागें आम्ही शहरांत नोकरीस होतों. खिळे शिशाच्या भावानें वजनावर विकले तेही आम्हीच, आणि जुन्या अंकांचे गठ्ठे रद्दींत घातले तेही आम्हीच. आम्हांस कोणी परकी कंपनी गिळावयास आली नव्हती.

शेजारच्या बाईंचे यजमान आम्ही तेथें असतांच वारले. मृत्युवार्तांसाठीं आयर्लंडांत हल्लीं एक स्वतंत्र संकेतस्थळ आहे. तें ‘आयरिश टाइम्स’नें २०२४ सालीं घेतलें, आणि २०२५ पासून एका वार्तेस १०० युरो आकार लावला. बाईंनीं तो मुकाट्यानें भरला. “पूर्वीं कळविण्यास पैसे पडत नसत,” एवढेंच त्या म्हणाल्या. त्या आठवड्याचा अंक आला, तेव्हां त्यांनीं तें पान प्रथम उघडलें नाहीं. अंक तसाच आमच्या हातीं दिला आणि विचारलें, “तुमच्या गांवीं कोणतें पत्र निघतें?”

आम्हीं वडिलांच्या पत्राचें नांव सांगितलें. दर शनिवारीं निघतें, असेंही सांगून गेलों.